खोटे चार दिवस

पूर्वी घरातली बाई बाहेर बसली की ती बातमी साऱ्या आळीला व्हायची. शेजारणीला आपला नवरा कचेरीत काय करतो हे धड सांगता यायचं नाही, पण शेजारच्या सुनेला कावळा शिवलाय की नाही हे पक्कं ठाऊक असे. मी तुळजापुरात सून होऊन आले ती पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. सासरचं घर पुजाऱ्यांचं. सोलापूरकडून मोटारी भरून यजमान यायचे, आमच्या ओसरीवर उतरायचे, आणि देवीला दाखवायचा त्यांचा नैवेद्य आमच्या चुलीवर शिजायचा. तो सोवळ्यात. म्हणजे न्हायचं, वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं काठीनं ओढून नेसायचं, आणि पुरणाच्या पोळ्या होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. अशा घरात बाईनं पाळी लपवायची म्हटली तरी कुठं लपवणार? ती आली की न्हाणीमागच्या खोलीत जायचं. तिथं एक घोंगडी, एक तांब्या, एक ताट. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की घरात, आणि पाचव्या दिवशी चुलीपुढं.

हल्लीच्या मुली याला जुलूम म्हणतात. होताच जुलूम. घरातल्या मांजराला जी मुभा होती ती आम्हाला नव्हती. पण खोटं कशाला बोलू, पाट्यावर पुरण वाटून वाटून मनगटं भरून आली की मला त्या घोंगडीची आठवण यायची. देवीसुद्धा नवरात्राआधी पलंगावर निजायला जाते, तिला कुणी कारण विचारत नाही. आम्हाला निजायला कारण लागायचं आणि तेवढं एकच कारण चालायचं.

माझं दुःख मात्र निराळं होतं. मला मूल हवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना भरायच्या आत सगळं वाहून गेलं. त्यानंतर काहीच नाही. दर महिन्याला ती घोंगडी अंथरताना वाटायचं, याही खेपेला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लांबून ताट सरकवायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून मी एकदा काळ्या मण्यांच्या इवल्याशा मनगट्या घेतल्या आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिल्या. दुपारी सगळे निजले की काढून बघायची. दोन बोटांत मावायच्या. पुढं त्या मी कुणाच्या तरी बारशाला देऊन टाकल्या.

आमचे हे तहसील कचेरीत कारकून. निजामाच्या अमलात घासून घासून उर्दू लिहायला शिकले, आणि हात वळतो न वळतो तोच राज्य गेलं. मग त्याच खुर्चीवर बसून मराठी मसुदे करायला शिकले. स्वभावानं गरीब, बायकोशीसुद्धा अर्ज केल्यासारखं बोलायचे. लग्नाला सात-आठ वर्षं झाली आणि त्यांची बदली भूमला झाली. तिथं त्यांनी एक खोली घेतली. पंधरवड्यानं शनिवारी यायचे आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं जायचे. त्यांच्या त्या एका रविवारी माझं नेमकं बाहेर बसणं कितीदा आलं असेल, ते माझं मलाच माहीत. मी न्हाणीमागं आणि हे ओसरीवर, असा आमचा संसार.

भूमला जाऊन राहावं असं माझ्या फार मनात होतं. पण आत्याबाईंचे गुडघे धरलेले. मी गेले तर सोवळ्याची चूल कोण बघणार? त्या वर्षी मुरुमला माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं. ती वाती वळत बसली होती.

'सासूला असं सोडून जाऊ नगंस,' आई म्हणाली. 'बदली काय, आज हितं उद्या तितं. येतील दोन-चार वर्षांत परत. वय कुठं पळालंय तुजं?'

मला पटलं. आणि पटायला कारण होतं. त्याच आठवड्यात आई स्वतः बाहेर बसली. चाळिशी उलटून गेलेली बाई, पण परसातल्या पडवीत घोंगडीवर बसून लांबून माझ्याशी गप्पा मारत होती, मी आमटीत मीठ कमी टाकलं म्हणून तिथूनच नावं ठेवत होती. खाण तशी माती, हे काय मला शाळेत जाऊन शिकायचं होतं? आईचे केस दाट तसे माझे दाट, आईचे दात वाकडे तसे माझे वाकडे. तिला चाळिशीतही कावळा शिवतोय, म्हणजे माझ्यापुढं अजून पुष्कळ वर्षं आहेत. ही समजूत घेऊन मी तुळजापूरला परत आले आणि पुरण वाटायला बसले. यांची पुढची बदली झाली ती कळंबला. तीही वर्षं गेली.

माझं बत्तिसावं चालू होतं तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्षात मी बाहेर बसले नाही. पौषातही नाही. आत्याबाई रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि काही न विचारता कामाला लागायच्या. एक दिवस त्यांनी पुरणाचं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. 'जड उचलू नगंस,' एवढंच म्हणाल्या. त्यावरून घराला कळलं. थंडीच्या दिवसांत मला एकाएकी दरदरून घाम फुटायचा, कानशिलं तापायची. 'गर्भाची गर्मी हाय,' आत्याबाई म्हणाल्या, 'पोरगा असंल.' मला चिंच खावीशी वाटायला लागली. ती काही सोंग घेऊन वाटत नव्हती, खरंच वाटत होती. हे कळंबहून रुमालात बांधून बोरं घेऊन आले आणि माझ्या हातात द्यायला इतके लाजले की निम्मी ओसरीवर सांडली. त्या दिवसांत मी सुखात होते. ते सुख खोट्यावर उभं होतं हे नंतर कळलं, पण सुख खोटं नव्हतं. तसं सुख पुन्हा कधी झालं नाही, आणि ते अजून हवंसं वाटतं.

माघात आत्याबाईंनी चोरओटी भरायचं ठरवलं. दिवस राहिल्याचं अजून बाहेर सांगायचं नसतं, तेव्हा तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती चोरओटी. त्यासाठी मुरुमहून आईला बोलावून घेतलं. ती खण, नारळ आणि शेवेचे लाडू घेऊन आली. दोघी विहिणींनी दार लोटून माझी ओटी भरली. आत्याबाईंनी तांदूळ ओंजळीत घेतले. देवीच्या तोंडाशी रोज उभी राहणारी ती बाई, पण माझ्या ओटीत तांदूळ घालताना तिला मंत्र सुचला नाही, नुसती 'आई, आई' म्हणत राहिली.

जेवणं झाल्यावर माझ्या अंगातून पुन्हा ती वाफ निघाली. मी पदरानं वारा घेत दाराशी गेले. आई बघत होती.

'गर्मी हुतीय का?'

'हं.'

'कुठनं निघती? पायातनं का छातीतनं?'

'छातीतून वर चढते. मग घामानं भिजते आणि लगेच थंडी वाजते.'

'झोप?'

'नाही लागत.'

आईनं लाडवांचा डबा खाली ठेवला. 'चल, घाटशीळला जाऊन येऊ,' म्हणाली. आत्याबाईंना वाटलं, माय-लेकींना देवाला जायचंय.

घाटशीळचं देऊळ डोंगराच्या कडेला आहे. तिथून खाली सोलापूरचा रस्ता आणि लांबवर माळ दिसतो. दुपारची वेळ, माणसं नव्हती. आईनं हात जोडले आणि पायरीवर बसली.

'तुला दिवस न्हाईत राहिले,' ती म्हणाली. 'तुजा विटाळ गेलाय.'

मी हसले. 'काहीतरीच बोलायलीस. या वयात कुणाचा जातो?'

'माजा गेला.'

'तुझा? तू तर परवापरवापर्यंत बाहेर बसत होतीस. मी डोळ्यांनी बघितलंय.'

'बसत हुते,' आई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. रझाकारांच्या धामधुमीत आम्ही मुरुम सोडून सरहद्दीपलीकडं नातेवाइकांकडे जाऊन राहिलो होतो. तिकडून परत आल्यावर आईला कावळा शिवला नाही. तिला वाटलं, पुन्हा दिवस राहिले. तसं नव्हतं. महिन्यांमागून महिने कोरडे गेले तेव्हा तिला उमगलं. तेव्हा तिचं वय माझ्याएवढंच. घरात आम्ही दोघी मुलीच, आणि वडिलांची आई रोज नातवासाठी जीव टाकायची, दुसरी सून आणायची भाषा करायची. माझ्या आईचा विटाळच गेला असं तिच्या कानावर पडलं असतं तर तिनं त्याच आठवड्यात मुलगी बघितली असती.

'मग काय करू?' आई म्हणाली. 'बसले बाहेर. दर महिन्याला बसले. जवर मी बसत हुते तवर सगळी आशेवर हुती. तुजी आजी गेली तरी बसत ऱ्हायले. एकदम कसं थांबायचं? लोकांनी हिशेब केला असता.'

'आणि मी? मी विचारायला आले तेव्हा वय कुठं पळालंय म्हणालीस! तुझ्याकडं बघून मी थांबले. इतकी वर्षं थांबले.'

'मला काय म्हाईत गं!' आई कळवळून म्हणाली. 'मला वाटलं, भीतीनं आटलं. पळताना काळीज फाटलं हुतं माजं, त्यातनंच गेलं म्हटलं. ते माजं भोग. ते लेकीला कशाला यील?'

मी उठले आणि तिला तिथंच सोडून निघाले. मागं वळून पाहिलं नाही. लेकीच्या ओटीत तांदूळ पडून पहिला दिवस मावळायच्या आत तिच्या कुशीत काही नाही असं सांगणारी आई, ती माझी आई आहे हे त्या घटकेला मला नको होतं. तुळजापूरचे रस्ते तिच्या पायाखालचे नव्हते. बऱ्याच वेळानं ती विचारत विचारत घरी आली आणि आत्याबाईंना म्हणाली, 'हिला एकदा सोलापूरला दाखवून आणते, विहीणबाई. मागच्या दोन टायमाची भीती हाय.' खोटं बोलण्यात ती एव्हाना तरबेज झाली होती, हे मला त्या दिवशी दिसलं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई उंच आणि तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला तपासलं, बराच वेळ तपासलं, आणि गर्भ नाही म्हणाल्या. मग विचारलं, 'तुमच्या आईची पाळी कधी गेली?'

मी आईकडे पाहिलं. ती बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. तिनं पदर काढला आणि खरं वय सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ते कुणा परक्यापुढं बोलली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. बाई जन्माला येतानाच आपली सगळी बीजं पोटात घेऊन येते, म्हणाल्या, नवीन काही होत नाहीत. कुणाची उशिरापर्यंत पुरतात, कुणाची लवकर सरतात, आणि ते पुष्कळदा आईकडून लेकीकडं येतं. बापाच्या घरूनही येतं. भीतीनं, दुःखानं एखाद्या बाईची पाळी चुकते, पण तुमचं दोघींचं तसं दिसत नाही. बापाच्या घरून येतं हे ऐकून तशातही मला हसू आलं. माझ्या आत्यांना हे विचारायची हिंमत आमच्या घराण्यात कुणाला होती?

'बहीण आहे?' त्यांनी शेवटी विचारलं.

'धाकटी आहे. गेल्या वर्षी लग्न झालं.'

'मग तिला सांगा. सगळ्या लेकींना येतंच असं नाही. पण तिला सांगा.'

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. घाट चढायला लागल्यावर ती एकदम म्हणाली, 'म्हंजे भीती न्हवती ती.' 'माजी आई बी बाहेर बसायची,' ती पुढं म्हणाली. 'पण तिचं धुणं नसायचं. आमी पोरी फडकी वाळत घालायचो परसात, काकूची, वैनीची. आईची कधी नसायची. मला तवा वाटायचं, आई लई टापटिपीची हाय, कुणाला दिसू देत न्हाई.' आणि ती खिडकीबाहेर तोंड करून रडायला लागली. आपल्या आईसाठी रडत होती की माझ्यासाठी, विचारायचं मला सुचलं नाही. माझा राग तिथं विरघळला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तो विरघळला नाही. फक्त तिच्यावर काढावा असं त्याला कुणी उरलं नाही. ती स्वतःही तशीच फसली होती, आणि तिची आई तिच्याआधी.

गाडीतून उतरायच्या आधी आईनं माझा हात धरला. 'बाहेर बस,' म्हणाली. 'ह्या बी खेपेला गेलं म्हणून सांग. मग दर महिन्याला बसत जा. कुणाला काही कळायचं न्हाई.'

मी तसं केलं. न्हाणीमागच्या खोलीत गेले आणि घोंगडीवर बसले, कोरडी. आत्याबाईंना वाटलं, तिसऱ्यांदा गेलं. त्या दाराबाहेर येऊन बसल्या. गुडघे धरलेली बाई, जमिनीवर बसायची नाही, पण उंबऱ्याशी बसून राहिली. मला सुंठीचा काढा करून लांबून सरकवला. 'तुजी काही चूक न्हाई सूनबाई,' म्हणाल्या, 'देवीचंच मन न्हाई.' आणि देवीला शिव्या दिल्या, तिच्याच पुजाऱ्याच्या घरात, मोठ्यानं. मी आत बसून ऐकत होते. जे मूल कधी नव्हतंच त्याच्यासाठी ही बाई दाराबाहेर रडते आहे, आणि मीही आत रडते आहे, आणि माझं रडणं खरं आहे. पण या घोंगडीवर अजून दहा-बारा वर्षं दर महिन्याला असं येऊन बसायचं, ती दर महिन्याला आशेनं माझ्या तोंडाकडे बघणार आणि मी तिला आशेवर ठेवणार, हे माझ्यानं होणार नव्हतं. आईच्या अंगात ती ताकद होती. माझ्या जिभेला हाड नाही, मी फार दिवस गप्प बसू शकत नाही.

'आत्याबाई,' मी म्हणाले, 'काही गेलेलं नाही. काही नव्हतंच. माझा विटाळच गेलाय.'

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, 'नक्की?'

'डॉक्टरीणबाई म्हणाल्या.'

'ऊठ,' त्या म्हणाल्या. 'कोरड्या अंगानं काय बसलीस तितं? आंघोळ कर.' मी आंघोळ करून आले तर त्यांनी स्वतःचं सोवळ्याचं लुगडं माझ्यापुढं धरलं. विटाळ गेलेल्या बाईचा त्या घरात मान मोठा; आता बाराही महिने नैवेद्याची चूल माझी. एरवी हा मान पन्नाशीला मिळतो, केस पांढरे झाल्यावर, नातवंडं मांडीवर खेळवताना. लुगडं नेसवताना आत्याबाई माझ्या निऱ्या नीट करत राहिल्या. 'दुसरी आणायची गोष्ट ह्या घरात निघायची न्हाई,' म्हणाल्या. 'कायदा आलाय ते ऱ्हाऊ दे. मला माज्या चुलीवर दुसरा हात नको.' एवढं प्रेम त्यांनी मला पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेही चुलीचं निमित्त करूनच.

शनिवारी हे आले. आत्याबाईंनीच त्यांना सांगितलं. मी चुलीपुढं होते, मला शिवायचं नव्हतं, म्हणून हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाले, 'बदली मागून घेतो. इथंच.' आता मागून घेतात म्हणे! इतकी वर्षं काय करत होते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचं तोंड पाहिलं आणि पोळी उलटून टाकली. पुढं त्यांना खरंच तुळजापूर मिळालं. रोज संध्याकाळी घरी यायला लागले. माझ्यामागची घोंगडी सुटली होती, घरात दोघं होतो, आणि काही उपयोग नव्हता. तरी त्या संध्याकाळी मला आवडायच्या. हे आधी झालं असतं तर, हा विचार रोज दिवेलागणीला यायचा.

राहिली बहीण. ती उमरग्याकडे शाळेत शिकवायला लागली होती आणि तिचा नवरा पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी होता. दोघांनी दोन-चार वर्षं थांबायचं ठरवलं होतं. आईनं मला बजावून ठेवलं होतं, 'तिला सांगू नगंस. सासरी कळलं तर नांदवायचे न्हाईत तिला.' पण बहीण देवीची ओटी भरायला आमच्याकडे आली तेव्हा मी तिला मागच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आजीचं, आईचं, माझं.

ती चिडली. 'अक्का, तुझं झालं म्हणून माझं पण होणार का? आत्ताशी कुठं नोकरी लागलीय. तुझं दुःख माझ्या गळ्यात कशाला बांधायलीस?'

'होईलच असं नाही,' मी म्हणाले. 'नाही झालं तर मला वेडी म्हण. पण मला कुणी सांगितलं नाही, मी तुला सांगितलं.'

पुरणपोळीचं ताट तसंच ठेवून ती गेली. नंतर बरेच महिने तिच्याकडून काही खबर नाही. मला वाटलं, बहीणही गमावली. पावसाळा सरता सरता मुरुमहून निरोप आला की तिला दिवस गेले आहेत.

बाळंतपणाला ती माहेरी आली. मूल नसलेली बाई बाळंतिणीच्या खोलीत नको, असं बोलणाऱ्या बायका मुरुममध्येही होत्या आणि त्यांनी माझ्यासमोरच आईला तसं सुचवलं. 'ती न्हसती तर ही खोलीच न्हसती,' आई त्यांना म्हणाली, आणि माझ्यासाठी खोलीचं दार उघडलं. मुलगी झाली होती. काळीसावळी, दाट केसांची. आईनं तिला न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, 'हिला वेळेत तू सांग. माज्यानं बोलवायचं न्हाई.'

'सांगीन,' मी म्हणाले. आई पाणी तापवायला गेली. बहीण थकून निजली होती. खोलीत आम्ही दोघीच जाग्या.

मुलीनं मान वळवली. डोळे मिटलेलेच. माझ्या चोळीवर तोंड लावून ती दूध शोधायला लागली. तिला काय ठाऊक मी कोण ते. मी तिला लगेच बाजूला करायला हवं होतं. केलं नाही. पदर आणखी जवळ ओढून घेतला आणि तिला शोधू दिलं. तिचं तोंड केवढंसं, पण ओढ केवढी. माझ्यापाशी काही नव्हतं, तरी ती सोडेना. मग तिचा हिरमोड झाला आणि ती रडायला लागली.

बहीण जागी झाली. 'अक्का, भुकेजली ती,' म्हणाली. 'दे इकडं.'

मी दिली.